मिशीवाल्या वाघाचा बिल्ला

साताऱ्यात जुन्या लष्करी बिल्ल्यांचं प्रदर्शन भरलं होतं. अध्यक्ष जयसिंगरावांनी सुलोचनाबाईंचा पितळी बिल्ला पाहून नाक मुरडलं.

"यातल्या वाघाला तोंडच नाही! उचला हे भंगार. हा बघा, माझ्या आजोबांनी वीस वर्षं पलटणीत टोपीवर मिरवलेला. मिशीन् मिशी दिसतेय!"

भोवतीच्या होयबांनी माना डोलावल्या.

बाईंना हसू आवरेना. त्यांच्या वडिलांनी परेडआधी रोज घासून घासूनच तो वाघ झिजवला होता.

"रावसाहेब, पलटणीत बिल्ला रोज घासावाच लागतो. न घासणाऱ्याला कोठडी! तुमच्या वाघाची तर मिशीही झिजली नाही. म्हणजे एकतर बिल्ला बाजारातला, नाहीतर आजोबा वीस वर्षं कोठडीत. पाटीवर काय लिहायचं?"

होयबांनी सवयीने याही वेळी माना डोलावल्या.