कुसळदऱ्याचा फाळ

कुसळदऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार नसते, नांगराचा फाळ असतो. नवे पाहुणे हसतात. मग कुणी जुनं माणूस त्यांना बाजूला बसवून बयाजी लोहाराची हकिकत सांगतं.

वरच्या गडाच्या किल्लेदाराने एकदा शेजारच्या मुलखावर स्वारी काढली. गावातले बैल तोफा ओढायला गेले, पेवातलं धान्य शिबंदीला गेलं. शेवटी हुकूम आला, घरोघरचे फाळ गोळा करून भाले घडवा. बयाजीने घडवले. सगळ्यांत सरस भाला त्याने आपल्या लेकाच्या, येसूच्या हाती दिला आणि त्याला वेशीपर्यंत ताठ मानेनं पोचवलं म्हणे.

पाऊस पडला तेव्हा गावात ना फाळ, ना बैल, ना नांगर धरणारा गडी. बायांनी लाकडाच्या खुंट्यांनी रान उकरलं, पण बी धरलं नाही. लोक चिंचोके उकडून खाऊ लागले. बयाजीची सून हिरू, तिचं दूध आटलं आणि तान्हं पोर मांडीवरच गेलं. त्याला पुरायला लोहाराच्या घरात पहारसुद्धा उरली नव्हती. बयाजीने खापरीनं खड्डा उकरला.

शिमग्याच्या सुमारास स्वारी जिंकून आली. नगारे वाजले. येसू आला नाही, त्याचा भाला आला. पुढच्या स्वारीसाठी धार लावायला सगळे भाले भट्टीपाशी आणून टाकले.

हिरू भात्यापाशी येऊन बसली. "मामंजी, धार लावू नका," ती म्हणाली. "मी भाता ओढते. तुम्ही फाळ करा."

बयाजीने आधी येसूचाच भाला विस्तवात घातला.

किल्लेदाराला कळेपर्यंत बायांनी ते फाळ आपापल्या रानात पुरून टाकले होते. भाले कुठं आहेत, असं चावडीपुढं विचारलं, तेव्हा बयाजी एवढंच बोलला, "जमिनीत, सरकार. त्यांची जागा तीच." कुणी बाईने तोंड उघडलं नाही. बयाजीचा घण धरणारा हात मनगटापासून तोडला.

त्या साली पुरलेले फाळ उकरून बाया स्वतः जुवाला लागल्या आणि जोंधळा आला. पहिली भाकरी हिरूने त्याला भरवली. डाव्या हाताने खायची त्याला लाज वाटे, असं सांगतात.

आजही कुसळदऱ्याचा नवरदेव फाळ डाव्या हातातच धरतो. नवखा भटजी तो उजव्या हातात द्यायला जातो, तेव्हा मांडवातली एखादी म्हातारी हळूच म्हणते, "असू द्या, महाराज. आमच्यात डावाच."