भगवंतरावांचा त्याग

वडिलांच्या मागे भगवंतराव आणि त्यांची बहीण हौसा यांच्या वाट्याला जमिनीचे दोन सारखे तुकडे आले. एक हमरस्त्याला लागून होता, दुसरा दर पावसाळ्यात बुडणारा, नदीकाठचा. विधवा हौसाला रस्त्याकडेला खानावळ घालून दोन मुली शिकवायच्या होत्या. पण वाटणीच्या बैठकीत भगवंतरावांनीच आधी घसा खाकरला.

"रस्त्याकडे दिवसभर धूळ, रात्रभर ट्रकचे भोंगे. तो त्रास मी सोसतो. माझ्या बहिणीला नदीकाठची गार हवा द्या!"

पंचांनी माना डोलावल्या. एकाने तर डोळे पुसले.

हौसाने पदर सावरला. "दादा, लहानपणापासून माझ्यासाठी तूच सोसत आलास. आता तुझं वय झालं, झोपही धड लागत नाही. धूळ मी खाते, तू गार हवा खा."

"शाब्बास पोरी! भावाची बहीण शोभलीस," म्हणत पंचांनी रस्त्याचा तुकडा हौसाच्या नावे लिहायला घेतला.

भगवंतराव घाईने पुढे सरकले. "अगं हौसे, तिथे एवढी काही धूळ नसते!"

"मग तर माझी काळजीच मिटली," म्हणत हौसाने कागद पुढे ओढला आणि सही केली.