रेघेविना फूल

एकदा एक बाई कोऱ्या भिंतीपुढे उभी होती आणि तिला त्या भिंतीचं भय वाटत होतं.

लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. त्या गावची रीत अशी, की नवरीच्या दारालगतच्या भिंतीवर तिच्या आईनेच कमळ काढायचं. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. आणि कमळाची रेघ कुठे तुटता कामा नये. रेघ तुटली तर नवरीचा संसार तुटतो, असं सारं गाव मानी. आता या बाईचा हात एकेकाळी असा, की पाहणाऱ्याने म्हणावं, रेघ हिच्या बोटांतूनच उगवते. पण पावसाळ्यात ताप आला, दोन महिने मुक्काम करून गेला आणि जाताना हातात कंप ठेवून गेला.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हात सदा पदराखाली. वाढताना ताक सांडलं, तर म्हणे, भांडंच निसरडं. घरचे कामाला गेले की दार लोटून ती गेरूत कुंचला बुडवी. पहिली पाकळी अर्ध्यावर येते न येते, तोच रेघ वळवळे आणि तुटे. घाईघाईने चुना फासून ती सारं झाकून टाकी. तीन दिवसांत चुन्याचे सात थर चढले. प्रत्येक थराखाली लेकीचा एकेक मोडका संसार पुरला आहे, असं तिला भासू लागलं.

चौथ्या दिवशी तिने आपल्या वृद्ध गुरूला बोलावलं. लहानपणी यानेच तिला कुंचला धरायला शिकवलं होतं. गेली तीस वर्षं तो केवळ ठिपक्यांची फुलं काढी. लोक म्हणत, म्हाताऱ्याची लहर.

"बाबा, तुम्हीच काढा. कुणाला कळायचं नाही."

"तुला कळेल ना? आण तो कुंचला इकडे."

त्याने विळी मागवली, मांडी ठोकून बसला आणि भाजीचे देठ खुडावेत तसे कुंचल्याचे सारे केस कापून टाकले.

"अहो बाबा! घरात एवढा एकच होता!"

"मग बरंच झालं." उरलेली बोथट दांडी त्याने तिच्या हाती दिली. "बुडव, टेकव, उचल. रेघ ओढलीस तर याद राख!"

दांडी भिंतीपर्यंत कापत कापत गेली. टेकली. उठली. मागे एक गोल, स्वच्छ ठिपका राहिला. दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान. दांडीवरचा रंग सरत गेला आणि पाकळीला आपसूक टोक आलं.

"पण हात अजून कापतोच आहे, बाबा."

"कापू दे. तो हवेत कापतो, भिंतीला त्याचा पत्ता नाही. पोरी, रेघेला आरंभापासून अंतापर्यंत धीर पुरवावा लागतो. एवढा धीर फार थोड्यांच्या गाठीला असतो. ठिपक्याला टेकण्यापुरता लागतो. तेवढा भित्र्यातल्या भित्र्याकडेही निघतो. मात्र टेकवलंस की उचल. भयाने दाबून धरलं, की ओघळ येतो."

लग्नाच्या दिवशी विहीणबाईंनी कमळ न्याहाळलं आणि भुवई उंचावली. "सुरेख आहे हो. पण रेघ कुठे दिसत नाही?"

बाई म्हणाली, "ओढलीच नाही, विहीणबाई. मग तुटेल कशी?"

विहीणबाई खुदकन हसल्या. "मुलगी आईवर गेली असेल, तर आमचं कठीण आहे!"

पंगतीत वृद्धाने ताकाचं भांडं उचललं. ओठांशी पोचण्याआधीच निम्मं ताक धोतरावर सांडलं.

"भांडंच निसरडं दिसतंय तुमच्याकडचं," तो पुटपुटला.

बाईने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. तीस वर्षांची ती सारी ठिपक्यांची फुलं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पदराखालचा हात तिने बाहेर काढला आणि त्याचं भांडं पुन्हा भरलं. या वेळी अर्धंच.