अस्वलिणीचे बारा हात

जनावरं आपापले उद्योग चालवत असत त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी दोर वळायचा कारखाना होता. वानर तिथला मुकादम. कोणी किती दोर वळायचा हे तो सकाळी ठरवून देई आणि संध्याकाळी मोजून घेई. सगळ्यांचे वीस हात भरत, म्हाताऱ्या अस्वलिणीचे मात्र बाराच्या वर कधी जात नसत.

"आजी, तुमच्यामुळे सगळ्या कारखान्याचं काम मागे पडतं," वानर एकदा म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

अस्वलीण निघून गेली. त्या महिन्यात ठरल्यापेक्षा जास्त दोर झाला आणि वानर खूश झाला.

पुढच्याच महिन्यात त्याच दोराने बांधलेला दरीवरचा नवा झुलता पूल तुटला. पलीकडे निघालेलं हरिणीचं पाडस दरीत कोसळून मेलं.

वानराने तुटका दोर हातात घेतला. आतला पीळ सैल होता.

"आजी प्रत्येकाचा दोर ओढून बघायच्या," खार हळूच म्हणाली. "कच्चा निघाला की उलगडून पुन्हा वळायच्या. अर्धा दिवस त्यातच जायचा."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही किती हात झाले एवढंच विचारायचात."

वानर अस्वलिणीच्या गुहेपाशी गेला. "चुकलं माझं, आजी. परत चला."

"येईन," ती म्हणाली. "आधी हरिणीकडे जाऊन ये."

वानर वाटभर शब्द जुळवत गेला. हरिणीसमोर उभा राहिला, तेव्हा त्यातला एकही त्याच्या तोंडून फुटला नाही.