चकोराने दाखवलेली वाट

तळी काठोकाठ भरलेली असायची, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावर बगळ्यांनी ताबा मिळवला. आधी त्यांनी मासे संपवले, मग बेडूक, मग चिखल. पाणीही आटलं, तेव्हा त्यांचा म्होरक्या चकोराकडे आला.

"चकोरबुवा, तुम्ही चांदण्यावर जगता. चंद्राची वाट सांगाल?"

चकोर हरखला. आजवर सगळे त्याला खुळा म्हणत आले होते. आज पहिल्यांदाच कुणीतरी चंद्राबद्दल आपुलकीने विचारत होतं.

"सांगतो की! पण तुम्हांला कशाला जायचंय?"

"वर बर्फ आहे म्हणतात. पलीकडच्या तळ्यातले बगळेही निघालेत, त्यांच्याआधी पोचायला हवं. चंद्र अजून कुणाचाच नाही ना!"

"कुणाचाच नाही कसा? सगळ्यांचा आहे."

"एकच की ते," बगळा म्हणाला.

भोळ्या चकोराने तरीही वाट दाखवली.

पुढच्या पौर्णिमेला त्याने नेहमीसारखी चोच उघडली, तर वरून दरडावणी आली, "ए, कुणाला विचारून पितोस?"

चकोराने चोच मिटली. निदान पाण्यातला चंद्र तरी पाहावा म्हणून तो तळ्यावर वाकला. पण तळ्यात प्रतिबिंबापुरतंही पाणी उरलं नव्हतं.