कोळिणीचं बंद दार

उंच डोंगरावरच्या एका वाडीत एक चौकस बाई राहत होती. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची म्हैस आटली, सगळं तिला आधी कळे. त्या वाडीत दिवसा कुणी दार लावत नसे. लावलंच, तर आत काहीतरी बिनसलंय असं धरून चार जणी दार ढकलून आत जात. बाई त्यात पुढे.

पाणवठ्याच्या वाटेवर दरडीत एक बीळ होतं. लिंबाएवढं गोल, आतून पांढऱ्या रेशमी धाग्यांचं अस्तर. तिथे एक मोठी केसाळ कोळीण राहायची. तिन्हीसांजेला पुढचे दोन पाय दाराशी ठेवून बसायची. बाई घागर खाली ठेवून तिची विचारपूस करी. आज काय खाल्लंस, एकटीला एवढं खोल घर कशाला, पोरंबाळं कुठे गेली. कोळीण कधी उत्तर देई, कधी पाय आत घेई.

एके सकाळी बघते तर बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने घट्ट लिंपलेलं. बाईला राहवेना. घरी जाऊन पहार घेऊन आली. मागोमाग तिची थोरली जाऊही आली. तिच्या मते आत नक्की काहीतरी दडवलेलं होतं.

बाईने पहार टेकवली, तोच आतून बारीक आवाज आला. "बाई, आज नको. मी कात टाकतेय. अंग लोण्यासारखं मऊ झालंय, ढेकूळ पडलं तरी मरेन. अंग कडक झालं की मीच दार उघडीन."

"थापा मारतेय," थोरली म्हणाली. "तुला जमत नसेल तर दे इकडे, मी खणते."

बाईचे हात शिवशिवत होते. आत बघायची हौस तर तिलाच जास्त. पण लोण्यात रुतलेलं ढेकूळ तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने पहार बाजूला टाकली आणि बिळापुढे फतकल मारून बसली.

"जाऊबाई, खणायचं तर आधी मला उठवा."

थोरली फणकाऱ्याने निघून गेली. पाणवठ्यावर सगळ्या हसल्या, की जिला वाडीतलं सगळं ठाऊक, तिला एक बीळ उघडता येईना. बाई मात्र रोज घरचं आवरून तिथे येऊन बसे, कुणी आत काठी घालू नये म्हणून.

अकराव्या दिवशी माती हलली. कोळीण बाहेर आली, नवीकोरी, काळ्या मखमलीसारखी. मागून तिने काहीतरी ओढत आणलं आणि बाईपुढे ठेवलं. तिची जुनी कात. आठही पाय, सुळे, केस न् केस जागच्या जागी. श्वासाच्या कप्प्यांचं पांढरं अस्तरसुद्धा.

"घ्या," कोळीण म्हणाली, "आता आतून-बाहेरून बघा."

खणून हे कधीच दिसलं नसतं. बाई बघतच राहिली. तेवढ्यात थोरली घागर घेऊन आली, ती खाली ठेवून कातीवर वाकली. मग हळूच म्हणाली, "हात लावून बघू का गं?"

"मला काय विचारता, जाऊबाई? तिला विचारा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी कुतूहलाने जरूर जावं, पण पहार घरी ठेवून. दार आतून उघडेपर्यंत जो थांबतो, त्यालाच आतलं खरं दिसतं.