मंद सर्व्हर आणि तिकिटांचा प्रोग्राम

क्लाउडवरचे सर्व्हर नुकतेच भाड्याने मिळू लागले होते, तेव्हाची गोष्ट. बसची तिकिटं देणारा एक प्रोग्राम चाचणीसाठी सगळ्यांत स्वस्त, मंद सर्व्हरवर आला. तिथे त्याने एकच सीट दोघांना दिली.

"बाबा रे, तुझ्यात खोट आहे," सर्व्हर म्हणाला.

"खोट तुझ्यात आहे! तू रेंगाळतोस, म्हणून माझा गोंधळ होतो," प्रोग्राम फणकारला आणि महागड्या सर्व्हरकडे गेला. तिथे तो झटक्यात पास झाला आणि खरी तिकिटं विकू लागला.

गणपतीत तिकिटांसाठी झुंबड उडाली आणि महागडा सर्व्हरही रेंगाळू लागला.

बसमध्ये एका सीटपाशी दोन म्हातारे भांडत होते. कंडक्टरने दोघांची तिकिटं पाहिली.

"दोन्ही खरी आहेत," तो म्हणाला. "आता महाडपर्यंत उभं कोण राहतंय, तेवढं सांगा."